‘पण लक्षात कोण घेतो?’ आणि स्त्रीवाद : निबंधाच्या मांडणीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी मराठी साहित्याची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. ‘कादंबरीतील स्त्रीवाद’ या विषयावरील सत्रनिबंधासाठी मी हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी निवडली आहे. वाचन झाले आहे, टिपणेही काढून ठेवली आहेत. मात्र निबंधाचे मध्यवर्ती प्रतिपादन कोणते असावे, येथे माझे घोडे अडले आहे.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते ही कादंबरी सुधारणावादी आहे, स्त्रीवादी नव्हे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हरिभाऊंच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून ती क्रमशः येत होती आणि त्याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाची, म्हणजे विवाहित मुलीशीही शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेल्या किमान वयाची, मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. कादंबरीतल्या बालविवाहाचे वर्णन वाचणारा वाचक बाहेर त्याच प्रश्नावरचे रणकंदन ऐकत होता, हे विसरून चालणार नाही. कादंबरीची नायिका यमू हिला जे काही मिळते, मग ते लिहिणे-वाचणे असो वा मुंबईतले मोकळे जगणे, त्यामागे नवऱ्याचे, रघुनाथरावांचे, औदार्य उभे असते. हा सगळा लाभ तिला दिलेला आहे, तिने हक्काने मिळवलेला नाही.

तरीही मला असे वाटते, की कादंबरीचा शेवट नेमका याच औदार्याचा फोलपणा उघडा पाडतो. नवरा गेल्यावर सासरच्या शंकरमामंजींच्या हाती सापडलेल्या यमूचे बळजबरीने केशवपन केले जाते. पतीच्या प्रेमावर उभे राहिलेले स्वातंत्र्य पतीबरोबरच संपते, कारण घरातली सत्ता कधी हललेलीच नव्हती. शिवाय ही कहाणी यमू स्वतः सांगते. वस्तरा फिरतो तो ज्या डोक्यातले विचार आपण शेकडो पाने ऐकत आलो त्याच डोक्यावर. त्यामुळे ‘विधवांचा प्रश्न’ म्हणून त्या प्रसंगाकडे दुरून पाहण्याची सोयच वाचकाला उरत नाही. लेखकाचा हेतू सुधारणेचा असला, तरी संहिता त्याच्या पुढे जाते, असे प्रतिपादन मी करू पाहत आहे. ते संहितेच्या आधारावर टिकेल का?

दुसरी शंका सिद्धांताची आहे. अमेरिकी स्त्रीवादी समीक्षक एलेन शोवॉल्टर यांची पद्धत स्त्रियांच्या लेखनावर बेतलेली असल्यामुळे पुरुषाने लिहिलेल्या स्त्रीनिवेदनाला ती सरळ लागू पडत नाही. त्याऐवजी निवेदनाचे विश्लेषण करावे, म्हणजे यमू कोणासमोर बोलते, कुठे थांबते, कोणती गोष्ट सांगायची टाळते, असे पाहावे, असा माझा विचार आहे. सासरच्या बायकाच जाचाची अंमलबजावणी कशी करतात आणि मैत्रीण दुर्गीचे हाल यमूच्या तुलनेने सुखाच्या संसाराशेजारी का ठेवले आहेत, हेही त्यातून मांडता येईल.

तुलनेसाठी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) घ्यावे का, याबद्दल मात्र मन साशंक आहे. तो निबंध आहे आणि ही कादंबरी, हा फरक मोठाच आहे. पण ताराबाईंचा थेट संताप आणि यमूचा सोसणारा सूर शेजारी ठेवले, तर पुरुष लेखकाला स्त्रीच्या तोंडी राग घालणे कितपत जमले, याची चांगली पारख होईल. हरिभाऊंशी स्नेह असलेल्या काशीबाई कानिटकर याच काळात स्वतः लिहीत होत्या, तोही एक धागा आहे. तथापि निबंध लहान आहे आणि सगळेच कोंबले तर मूळ मुद्दा पातळ होईल, अशी मला भीती वाटते.

या कादंबरीवर ज्यांनी लिहिले वा ती शिकवली आहे, त्यांनी कृपया सांगावे : केवळ शेवटचा भाग आणि निवेदनाची रीत एवढ्यावरच निबंध उभा करावा, की ताराबाईंशी तुलना त्यात असलीच पाहिजे? आणि ही कादंबरी ब्राह्मण कुटुंबांपुरतीच मर्यादित आहे, या मर्यादेची चर्चा आरंभीच करावी की विश्लेषणाच्या ओघात?