चष्म्याच्या दुकानात हिअरिंग एडचं सेंटर काढावं का? इंदूरकरांनो सांगा

चष्मेघर_इंदूर
नमस्कार मंडळी. राजवाड्याच्या बाजूला आमचं चष्म्याचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि बायको मिळून बघतो. गिऱ्हाईक बरंचसं साठीच्या पुढचं, रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर इकडचे आपले मराठी लोक खूप आणि देवास, धार, महूकडूनही येतात. हल्ली एक गोष्ट सारखी जाणवते की नंबर काढताना मी काय विचारतोय तेच कितीतरी आजी-आजोबांना ऐकू येत नाही, सोबतची सून किंवा मुलगा कानाशी जाऊन सांगतो तेव्हा उत्तर येतं. ऐकायचं मशीन का नाही लावत विचारलं तर महाग आहे, किंवा घेतलं होतं पण कपाटात पडलंय, किंवा मी काय बहिरा झालोय का.

आता एक डिस्ट्रिब्यूटर मागे लागलाय की काउंटरवर शोकेस लावा, माल आम्ही देतो, मार्जिन फ्रेमपेक्षा चांगलं आहे, कान तपासायला टॅबलेटवर अ‍ॅप देतो, दहा मिनिटांत रिपोर्ट निघतो, वेगळा माणूस ठेवायची गरज नाही. दुसरीकडे भाचा म्हणतो मामा कशाला पडता यात, अ‍ॅपलच्या इअरबडमध्ये, म्हणजे एअरपॉड्समध्येच हिअरिंग एड आलंय आणि रे-बॅनवाल्या कंपनीने तर चष्म्याच्या काडीतच ऐकायचं मशीन बसवलंय. मग मी जागा आणि पैसा घालावा का? नुसतं विकायचं म्हणून करायचं नाहीये, ज्यांना वडिलांपासून ओळखतो अशी माणसं आहेत ही, त्यांचं नुकसान व्हायला नको. जाणकारांनी सांगा.

श्रवणताई
भाऊ, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारी, इंदुरातच प्रॅक्टिस करते. डिस्ट्रिब्यूटरचं ते वेगळा माणूस नको वालं वाक्य आहे ना, तिथेच त्याला नाही म्हणा.

चष्म्याचा नंबर बरोबर निघाला की माणसाला तिथल्या तिथे स्वच्छ दिसतं, कानाचं तसं होत नाही. वयाप्रमाणे ऐकणं कमी होतं तेव्हा बहुतेकांचे आधी उंच फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे बारीक पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ, थ, ख ही व्यंजनं गळतात आणि स्वर ऐकू येत राहतात, म्हणून आजोबा म्हणतात आवाज येतो पण शब्द कळत नाही. घरचे ओरडतात तेव्हा स्वरच अजून मोठे होतात, व्यंजन तिथेच राहतं. मग मशीनने नेमकी तीच फ्रिक्वेन्सी वाढवायची असते, बाकीची नाही, आणि मोठा आवाज आला तर कुठे थांबायचं तेही ठरवायचं असतं. हे ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती ऐकू येतं त्याचा आलेख, बघून ठरतं. अ‍ॅपवाला रिपोर्ट हेडफोनमधून किती ऐकू येतं तेवढंच सांगतो, दोष कानाच्या नसेत आहे की पडद्याला भोक आहे की नुसता मळ साठलाय ते त्यातून कळत नाही. त्यासाठी कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर ठेवून बोन कंडक्शन तपासतात, इम्पिडन्स (पडदा आणि त्याच्या आतल्या भागाची तपासणी) करतात, आणि हे सगळं साउंडप्रूफ बूथमध्ये, राजवाड्याच्या हॉर्नमध्ये बसून नाही.

पुढे मशीन लावल्यावर पहिलं सेटिंग फॉर्म्युल्याने होतं, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकॉस्टिक लॅबोरेटरीजचा एनएएल-एनएल२ जगभर वापरतात. पण फॉर्म्युला सरासरी कानासाठी असतो, समोरच्याच्या कानात खरंच किती आवाज पोचतोय ते बारीक नळी घालून मोजावं लागतं, त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ते बऱ्याच ठिकाणी करतच नाहीत आणि मला याचं फार वाईट वाटतं. शिवाय मेंदूला वर्षानुवर्षं हे आवाज मिळालेलेच नसतात, पहिले काही दिवस भांडी, पंखा, कॅरीबॅगची चुरचुर सगळं अंगावर येतं, म्हणून आवाज आधी थोडा कमी ठेवून हळूहळू वाढवायचा, दोन-तीनदा बोलवायचं, घरच्यांना समजवायचं. कपाटात पडलेली जी मशीनं तुम्ही म्हणताय त्यातली बरीचशी चांगलीच आहेत, ती लावून घेणारं कुणी नव्हतं इतकंच. तुम्हाला विकायचंय ते हे काम आहे.

सुदामानगरचे_काका
ताईंचं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. मी बँकेतून रिटायर झालोय, दोन्ही कानांना मशीन आहे. पहिलं एका मोठ्या शोरूममधून घेतलं, नाव घेत नाही, त्यांनी चॅनल किती (आवाजाचे किती पट्टे मशीन वेगवेगळे हाताळतं) त्यावर भाव सांगितला, जितके चॅनल जास्त तितके पैसे, आणि मी कुठे बसतो उठतो, कुणाशी बोलतो हे एकदाही विचारलं नाही. नंतर कळलं की ते मशीन लॉक्ड आहे, त्यांच्याच दुकानात प्रोग्राम होतं, दुसरीकडे कुणी हात लावू शकत नाही. चष्मेघरवाले, तुम्ही सेंटर काढलंत तर लॉक नसलेलं मशीन द्या आणि आधीच तसं सांगा.

मला गरज आहे ती अशा माणसाची की वॅक्स गार्ड (मळ आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी) तुंबला, ट्यूब कडक झाली, पावसाळ्यात ओल धरून आवाज तुटायला लागला तर जाऊन दाखवता येईल. बॅटरीचंच बघा, ३१२ नंबर म्हणजे ब्राउन स्टिकर, १३ म्हणजे केशरी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ती झिंक-एअरची असते, स्टिकर काढला की हवेने चालू होते आणि मग मशीन बंद ठेवलं तरी ती उतरतच जाते, म्हणून आधीच स्टिकर काढून ठेवायचे नाहीत. रात्री सिलिका जेलच्या डबीत मशीन ठेवलं की पावसाळा निभतो.

अजून एक, माझी शब्द ओळखायची टेस्ट हिंदीतून घेतली. मी इंदूरचाच, हिंदी येते, पण आमच्या हिचं सगळं आयुष्य मराठीत गेलं, तिला हिंदी शब्द अर्धे अंदाजाने सांगावे लागले. घरची भाषा मराठी असेल तर टेस्ट मराठीत व्हायला हवी. एवढं जरी तुम्ही केलंत तरी महाराष्ट्र साहित्य सभेत येणारी अर्धी मंडळी तुमच्याकडे येतील.

सर्किटवाला
मूळचा इंदूरचा, आता पुण्यात, एम्बेडेड ऑडिओमध्ये, म्हणजे उपकरणांतल्या आवाजाच्या चिप-सॉफ्टवेअरवर काम करतो. थोडं वेगळं मत मांडतो, ताईंनी रागावू नये.

जगात हा धंदा मुख्यतः पाच कंपन्यांच्या हातात आहे, सोनोव्हा (फोनॅक त्यांचं), डेमंट (ओटिकॉन), डब्ल्यूएस ऑडिओलॉजी (सिग्निया आणि वाइडेक्स, २०१९ मध्ये एकत्र आले), जीएन (रिसाउंड) आणि स्टार्की. एकाच पिढीतल्या स्वस्त आणि महाग मॉडेलमध्ये बहुतेक वेळा चिप तीच असते, फीचर सॉफ्टवेअरने उघडे-बंद केलेले असतात. गिऱ्हाईक एवढी किंमत देतं त्यात मशीन बनवायचा खर्च थोडा, बाकी रिसर्च, वितरण आणि दुकानाचा हिस्सा. हे फार दिवस टिकणार नाही असं मला वाटतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांना सौम्य ते मध्यम दोषासाठी डॉक्टर किंवा ऑडिओलॉजिस्टशिवाय दुकानातून हिअरिंग एड घेता येतं, सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारं सरकारी खातं) एअरपॉड्स प्रो २ च्या हिअरिंग एड सॉफ्टवेअरला मंजुरी दिली, आणि तुमचा भाचा म्हणतोय तो चष्मा म्हणजे एस्सिलॉरलक्सोटिकाचा नुआन्स ऑडिओ, त्याला २०२५ च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली. तो चष्म्याच्याच दुकानातून विकायचा म्हणून बनवलाय! म्हणजे उद्या तुमच्या दारात हे येणारच, तेव्हा कानाची समज असलेला चष्मेवाला पुढे राहील.

पण इअरबड सगळ्यांना चालत नाही हेही खरं. बॅटरी काही तासच, हिअरिंग एड सकाळपासून रात्रीपर्यंत चालतं. दोष जास्त असेल तर तेवढी ताकदच त्यात नाही. कान बंद होतो त्यामुळे स्वतःचाच आवाज घुमतो, आणि जेवताना इअरबड घालून बसलं की घरच्यांना वाटतं आजोबा गाणी ऐकतायत. इंजिनिअरिंग पण अवघड आहे, आवाज आत येऊन प्रोसेस होऊन बाहेर पडायला दहा-एक मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर प्रतिध्वनीसारखं वाटायला लागतं, आणि हे सगळं इवल्याशा बॅटरीवर. ओटिकॉन, फोनॅकवाले आता चिपमध्ये न्यूरल नेटवर्क घालतात ते गर्दीतून बोलणं वेगळं काढण्यासाठी, तिथे फरक खरंच जाणवतो. ऑनलाइन दोन-तीन हजारवाली मशीनं मात्र बहुतेक नुसते अ‍ॅम्प्लिफायर, सगळंच मोठं करतात, वरची मर्यादा नीट नसेल तर उरलेलं ऐकणंही बिघडू शकतं. ती दुकानात ठेवू नका.

चष्मेघर_इंदूर
बापरे, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. काका, लॉकवाली गोष्ट मला माहीतच नव्हती. आता ताई, पूर्ण वेळ ऑडिओलॉजिस्ट ठेवायचा म्हणजे पगार, बूथ, ऑडिओमीटर (ऐकणं मोजायचं यंत्र), सुरुवातीला महिन्याला चार-पाच मशीन तरी जातील का तेही माहीत नाही. अर्धवेळ चालेल का? आणि लायसन्सचं काय?

श्रवणताई
आठवड्यातून दोन दिवस येणारा ऑडिओलॉजिस्ट चालेल, फक्त ते दिवस पक्के हवेत आणि बाकीच्या दिवशी तुमच्या माणसाने साफसफाई, बॅटरी, ट्यूब एवढंच बघायचं, प्रोग्रामला हात लावायचा नाही. त्या व्यक्तीचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन चालू आहे ना ते स्वतः बघून घ्या, १९९२ च्या कायद्याप्रमाणे त्याशिवाय हे काम करता येत नाही. हिअरिंग एड आता मेडिकल डिव्हाइसमध्ये येतं, विक्रीसाठी राज्याच्या औषध विभागाकडे एमडी-४२ फॉर्मवालं रजिस्ट्रेशन लागतं. हिअरिंग एडवर जीएसटी शून्य आहे, ऐकायला छान वाटतं पण त्यामुळे बूथवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही, सीएशी बोलून मगच हिशेब मांडा. ऑडिओमीटरचं कॅलिब्रेशन दरवर्षी, ते धरा.

सर्किटवाले दादा, रागवायचं काय त्यात, सौम्य दोषाच्या माणसाने इअरबडने सुरुवात केली तर मला आनंदच आहे, निदान लाज तरी मोडेल. माझं म्हणणं एवढंच की आधी एकदा नीट तपासणी.

बडोदेकर_८
मी बडोद्यात हाच धंदा करतो, आधी मेडिकल स्टोअर होतं. आमचा अनुभव सांगतो. मशीनची किंमत आणि फिटिंगची फी बिलात वेगवेगळी लिहायला लागलो तेव्हापासून गाडी रुळावर आली. आधी सगळं मशीनच्या किमतीत धरलेलं, मग गिऱ्हाईक ऑनलाइन भाव दाखवून घासाघीस करायचं आणि नंतरच्या सगळ्या चकरा फुकट. आता दुसरीकडून घेतलेलं मशीन पण आम्ही फी घेऊन सेट करून देतो, लॉक नसेल तर. मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत असतात आणि पैसे तेच देतात, त्यांना ऑडिओग्राम पाठवून मी स्वतः फोनवर समजावतो. आता कितीतरी मॉडेलना फोनच्या अ‍ॅपवरून दूर बसून सेटिंग बदलता येतं, बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला ते फार उपयोगी, तुमच्या धार-देवासवाल्यांना पण होईल, पण पहिलं फिटिंग समोरासमोरच.

दुसरं, तुमच्याकडे पीथमपूरचा औद्योगिक भाग आहे! कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा असते, आवाजाने होणारा बहिरेपणा कायद्याने नोंद करायच्या आजारांत आहे, म्हणजे तिथल्या कामगारांच्या तपासणीचं काम मिळू शकतं. मशीन विकलं जायची वाट बघत बसण्यापेक्षा ऑडिओलॉजिस्टचा पगार त्यातून निघतो.

आणि ज्याला परवडत नाही त्याला परत पाठवू नका, कागद करून द्या. केंद्राची दिव्यांगांना साधनं देणारी एडिप योजना आहे, गरीब ज्येष्ठांसाठी वयोश्री आहे, त्यात हिअरिंग एड मिळतं. तुमच्या एमपीत लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे. यात तुम्हाला एक पैसा मिळणार नाही, तरी करा.

चष्मेघर_इंदूर
बिलात फी वेगळी, हे एकदम पटलं. डिस्ट्रिब्यूटरला शोकेससाठी नाही कळवतोय. वरचा मजला गोडाऊन म्हणून पडून आहे, रस्त्याच्या आवाजापासून आतल्या बाजूला, तिथे बूथ बसेल का ते बघतो, पण साठीच्या माणसांना जिना चढायला लागेल हा प्रश्न आहेच. ताई, जागा बघायला आलात तर उपकार होतील, मेसेज करतो.

मालवा_मुलगी
मधेच विचारते, माफ करा. आईला परवा सकाळी उठल्यावर डाव्या कानाने एकदम ऐकू येईनासं झालंय, गुंई असा आवाज येतोय. शेजारच्या काकूंनी लसूण घालून कोमट तेल टाकायला सांगितलं. मशीनसाठी दाखवावं का, की आधी थोडे दिवस वाट बघू?

श्रवणताई
वाट बघू नका आणि तेल अजिबात टाकू नका. एका कानाचं ऐकणं असं अचानक गेलं तर ती इमर्जन्सी धरतात, स्टेरॉइडने परत येण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असते. नुसता मळ अडकलाय असंही निघू शकतं पण ते डॉक्टरांनी बघून सांगू दे. आजच ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे) जा, ओळखीचे कुणी नसतील तर सरकारी एमवाय हॉस्पिटल गाठा आणि पोचल्या पोचल्या सांगा की परवापासून अचानक झालंय. शुगर-बीपी असेल तर तेही सांगा. मशीनचं नंतर बघू. काय म्हणाले ते इथे लिहा.