विषय: मुलाला इकडे ऑस्ट्रेलियात आणायचंय – चाइल्ड व्हिसा आणि पोलिसांची भानगड

नमस्कार मंडळी,

एरवी मी आपल्या मेलबर्नच्या यादीवर मोदकांपुरतीच लिहिते, आज घरचं गाऱ्हाणं आहे (सही नेहमीसारखी उपनगराच्या नावाने). मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात माझ्या आईकडे असतो. मी पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज केला तेव्हा त्याच्या ताब्याचा कोर्टातला निकाल लागायचा होता, म्हणून त्याचं नाव 'सोबत न येणारा' असं दिलं होतं. आता सबक्लास १०१, म्हणजे चाइल्ड व्हिसाखाली बोलवायचंय. बारावीनंतर सीईटीसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला, सध्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

अडचण अशी की गेल्या विसर्जनाच्या रात्री दोन मंडळांच्या पोरांत मारामारी झाली आणि चौकीत ह्याचंही नाव लिहून घेतलं. आई म्हणते, "नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) आहे, कशाला सांगत बसतेस?" फॉर्मात लिहायचं की नाही?

– टार्नीट

---

ताई,

आधीच सांगतो, मी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट नाही. मुलीच्या वेळी जे निस्तरलं तेवढंच सांगतो.

१६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक अर्जदाराला कॅरेक्टरची, म्हणजे चारित्र्याची अट लागते. गेल्या १० वर्षांत ज्या देशात एकूण १२ महिने किंवा जास्त राहिला, तिथलं पोलीस सर्टिफिकेट द्यायचं. तुमच्या मुलाला फक्त भारताची पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागेल, पासपोर्ट सेवा केंद्रातून. घाईने काढू नका. ती १२ महिनेच चालते. आमची शिळी झाली आणि पुन्हा हेलपाटे घातले.

मायग्रेशन कायद्याच्या कलम ५०१ मध्ये थेट नापास करणारी मुख्य गोष्ट म्हणजे १२ महिने किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा. मंडपासमोरची धक्काबुक्की त्याच्या जवळपासही जात नाही. पण लपवाछपवी सापडली, तर ४०२० नावाची अट आहे, आणि तिच्यात अर्ज तर जातोच, वर ३ वर्षं दार बंद. फॉर्म नुसतं 'शिक्षा झाली का' विचारत नाही, एखादा आरोप प्रलंबित आहे का हेही विचारतो.

तेव्हा 'नुसती एनसी' हे आजींच्या तोंडून नको, कागदावर बघा. एनसी म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासही करत नाहीत. एफआयआर असेल तर गोष्ट वेगळी: आरोपपत्र गेलं का, की सी समरी (प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) झाली? प्रलंबित गुन्ह्यात पीसीसीच अडकू शकते.

– ग्लेन वेव्हर्ली

---

काका, पोलिसांचं सगळं पटलं, पण मला जास्त धास्ती त्या ड्रॉपची वाटते.

१८ ते २५ मधल्या मुलाने बारावीनंतर सहा महिन्यांत, किंवा रास्त म्हणता येईल अशा काळात, पूर्णवेळ शिक्षण सुरू केलेलं असावं लागतं. वर्षभराची गॅप व्हिसा ऑफिसरला समजावून सांगावी लागेल. सीईटीचं हॉल तिकीट, क्लासच्या फीच्या पावत्या, जे असेल ते जपून ठेवा. त्या वर्षात कुठे पूर्णवेळ नोकरी केली नाही ना? आणि व्हिसाचा निकाल लागेपर्यंत कॉलेज सुटता कामा नये. २५ चं वय अर्जाच्या दिवशी मोजतात, पण शिक्षण आणि अवलंबित्व शेवटपर्यंत बघतात. साखरपुडाही नको! हसू नका, तशीच अट आहे.

दुसरं, खर्च तुम्हीच करता हे दिसलं पाहिजे. पैसे बँकेतून पाठवता की कोणी जाणारं-येणारं असलं की रोख? आमच्यात रोखीचीच सवय, आणि नंतर हात चोळत बसतो.

एक बरं, १८ ओलांडल्यामुळे वडिलांच्या संमतीचा फॉर्म १२२९ तुम्हाला लागत नाही. लहान असता तर तुमचाही इथला पोलीस चेक मागितला असता.

ता.क. यादीवरच्या इतरांसाठी: आई-वडिलांचा पार्टनर व्हिसा अजून तात्पुरता असेल, तर मुलाला १०१ नाही, ४४५ (अवलंबित मुलाचा तात्पुरता व्हिसा). माझ्या ओळखीत एकीने चुकीचा भरला, फी गेली.

– पॉइंट कुक

---

दोघांचे आभार. परवा भावाला पोलीस स्टेशनात पाठवलं. एनसी नाही, एफआयआर आहे. पाच पोरांची नावं, आरोपपत्र अजून गेलेलं नाही. आईला हे सांगितलं तर ती दोन मिनिटं बोललीच नाही. मुलगा म्हणतो, "आई, मी ढोल धरून उभा होतो गं." असेल. पण ते वकिलाला सांगायचं, मला नाही.

भावाने तिकडे वकील बघितलाय, एफआयआरची प्रत इंग्रजी भाषांतरासकट मागवली आहे. इथला नोंदणीकृत एजंट मंगळवारी भेटतोय. तोवर अर्ज थांबवलाय. क्लासच्या पावत्या मात्र आईने डब्यात जपून ठेवल्या होत्या, विजेच्या बिलांखाली. पैसे मी दर महिन्याला तिच्या खात्यात टाकते, त्याचं काय ते एजंटलाच विचारते.

मोदकांची यादी उद्या पाठवते. गेल्या वर्षी कमी पडले होते, यंदा २०० च्या वर करायचे का ते कळवा.

– टार्नीट