जाम झालेले बोल्ट आणि जुन्या गाड्या: तुमचे अनुभव लिहा

काल गल्लीतून एक येझदी मोटरसायकल गेली. त्या आवाजाने एकदम मालवणची पडवी आठवली. बाबांची येझदी रोडकिंग, १९८७ची, ते गेल्यापासून जागची हलली नव्हती. सगळं सुटलं, पण मागच्या स्विंग आर्मची (मागचं चाक धरणारा हलता दांडा) पिन बुशात, म्हणजे तिच्या नळीत, अशी धरलेली की दोन्ही मिळून एकच लोखंड. रोज सकाळी डिझेल सोडायचं, पितळी दांडा टेकवून चार टोले द्यायचे, झाकून ठेवायचं. अकराव्या दिवशी टक्क झालं. केसभर सरकली. मी इतक्या जोरात ओरडलो की आई हातातलं टाकून बाहेर आली. तुमचंही लिहा.

---

राजदूत. सायलेन्सर बेंडचा स्टड. सिलिंडरच्या तोंडाशी तुटला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

---

^^ दादा, दोन आटे जरी बाहेर असतील तरी आशा आहे. आमच्या लेथवाल्या काकांनी त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरलं, गरम असतानाच मेणबत्ती टेकवली, मेण आत ओढलं गेलं. मग पाना लावून मागे-पुढे, मागे-पुढे. आला बाहेर. ईझी-आउट (तुटलेला बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं कडक हत्यार) मात्र जपून, माझा आतच तुटला आणि त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही.

---

चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे, स्क्रू असतील तर हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. डोकं गोल व्हायच्या आधी घ्या. आणि पहिल्यांदा किंचित आवळायच्या दिशेने, पकड तिथेच सुटते.

---

चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, स्क्रू पोलादी, वर खारी हवा. ती पांढरी भुकटी आटे गच्च धरते. तापवायचं ते चेंबर, स्क्रू नाही. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. टाकी, कार्ब्युरेटर आधी लांब न्या!!

---

ब्रेक क्लीनर मारून ज्योत लावू नका कोणी. काहींत क्लोरीनवाला द्रावक असतो, तापला की त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. कळकळीने सांगतोय.

---

पोळ्या लाटता लाटता वाचतेय. आमची राजदूत दिवाळीपासून हॉलमध्ये आहे, पडद्यांना डिझेलचा वास. पण हे रात्री इंजिनापाशी बसले की चेहरा बघण्यासारखा असतो, म्हणून काही बोलत नाही.

---

मी पण मालवणची! घर धुरीवाड्यात का?

---

नाही ताई, देऊळवाड्यात.

---

अय्या, माझं आजोळ तिथलंच. पडवीत अजून शेणाने सारवतात का हो?

---

मध्येच विचारतो, बुलेटच्या जुन्या नटांना मिलिमीटरचा पाना बसत नाही, कोपरे खातो. इंची पाने कुठे मिळतील? पुण्यात असेन रविवारी.

---

जुन्या बाजारात बघा, रविवारी भरतो. सहा कोनी बॉक्स पानाच घ्या, बारा कोनी घसरतो.

---

पिन परत बसवताना ग्रीस लावलंत ना?

---

लावलं, भरपूर. ताई, फरशी घातली आता. पण गाडीखालची जागा आईने तशीच ठेवलीय.