मोटर सुरू झाली की होकायंत्र २० अंश सरकतं, कॅलिब्रेशन कसं करावं?

काटोलवाला: नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात, संत्र्याची बाग काटोलला. दोन ओळींमधून आपोआप फिरणारी फवारणीची छोटी चारचाकी बनवून राहिलो. चाल संथ, त्यामुळे जीपीएसवरून गाडीचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. म्हणून सीताबर्डीवरून जीवाय-२७१ होकायंत्र आणि एमपीयू-६०५० (कल आणि वळण मोजणारा सेन्सर) आणलं. टेबलावर आठच्या आकड्यात फिरवून कॅलिब्रेट केलं, दिशा बरोबर येत होती. गाडीवर बसवून मोटर सुरू केली की २० अंशांचा फरक! महागडा सेन्सर घेऊ का?

सोल्डरताई: सेन्सर नको बदलू भाऊ, जागा बदल. वायरीतून १० अँपिअर जात असतील, तर १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आपल्याकडे पृथ्वीचं एकूण क्षेत्रच ४५च्या आसपास. हा त्रास करंटबरोबर कमीजास्त होतो, म्हणून एकदाच केलेलं साधं कॅलिब्रेशन तो पुसू शकत नाही. बॅटरीच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन ने, म्हणजे जाणारा-येणारा करंट एकमेकांचं क्षेत्र मारतो. सेन्सर पीव्हीसी पाइपवर उंच चढव, स्क्रू पितळी लाव.

नकाशेवाला: ताईंशी सहमत. त्यानंतर कॅलिब्रेशन गाडीवरच करा, टेबलावरचे आकडे फेकून द्या. लोखंडी चौकट, मोटरमधली चुंबकं गाडीसोबतच फिरतात, त्यांचा परिणाम कायम तोच असतो, तो काढता येतो. टाकी रिकामी करून गाडी सपाट जागी सावकाश पूर्ण फिरवा, होकायंत्राच्या एक्स आणि वाय अक्षांचे कच्चे आकडे आलेखावर टाका. वर्तुळाचा मध्य शून्यावर नसेल तर तेवढं वजा करा. वर्तुळाऐवजी लंबगोल आला तर अक्षांचं प्रमाणही सुधारावं लागेल. उभ्या अक्षासाठी दोघांनी उचलून गाडी पुढे-मागे, आजूबाजूला कलती करा.

आणखी एक. जीवाय-२७१वर पुष्कळदा एचएमसी५८८३एल चिपऐवजी क्यूएमसी५८८३एल चिप असते. दोघींचे रजिस्टर (आकडे वाचायचे आतले कप्पे) वेगळे, लायब्ररी चिप बघूनच निवडा.

काटोलवाला: ताई, पाइप ४० सेंटिमीटर केला, वायरींना पीळ दिला, मग गाडीवरच कॅलिब्रेशन. सपाटीवर फरक ३ अंशांवर आला! पण बांधाजवळ गाडी कलली की पुन्हा बिघडतं.

नकाशेवाला: नागपूर भागात चुंबकीय रेषा जमिनीत सुमारे ३० अंश झुकलेल्या आहेत. गाडी उत्तरेकडे तोंड करून १० अंश बाजूला कलली, तर दिशा ५-६ अंश चुकते. एमपीयूच्या अ‍ॅक्सेलेरोमीटरवरून कल काढून आधी दुरुस्त करा. दोन्ही सेन्सरचे अक्ष एकाच दिशेला आहेत ना, ते तपासाच. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इथे एका अंशाहून कमी, त्याच्या मागे लागू नका.

सोल्डरताई: आणि जायरोचा (एमपीयूमधला वळण्याचा वेग मोजणारा भाग) शून्य रोज शेतात, गाडी स्थिर ठेवून, काम सुरू करण्याआधी घे. तापमानाबरोबर तो सरकतो. सकाळी घेतलेला मे महिन्यातल्या दुपारी चालणार नाही. कल दुरुस्त केल्यावरचे आलेख इथे टाक, बघते मी.