बांटू भाषा लोखंड आणि धान्याच्या जोरावर पसरल्या? मला पटत नाही

रानवाट:
लोखंडी कुऱ्हाडीने जंगल तोडत, धान्य पेरत बांटू भाषक (मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या एका मोठ्या भाषासमूहाचे लोक) थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचले, हे चित्र अजूनही सर्रास रंगवलं जातं. पण त्याचा काळच जुळत नाही. नायजेरिया-कॅमेरून सीमेजवळच्या ग्रासफील्ड्स भागातून हा प्रसार सुरू झाला तो साधारण ४००० ते ५००० वर्षांपूर्वी. मध्य आफ्रिकेत लोखंड गाळल्याचे भक्कम पुरावे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातले आहेत. म्हणजे निघालेल्या लोकांकडे घासलेल्या दगडी कुऱ्हाडी होत्या, मडकी होती, तेलताडाची फळं होती, आणि बहुधा यॅम (आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद). मूळ बांटू भाषेची पुनर्रचना करताना तेलताड, यॅम, शेळी यांचे शब्द हाती लागतात. धान्यशेतीचे शब्द सगळ्यात जुन्या थरात सापडत नाहीत.

दगडमाती:
सुरुवातीपुरतं मान्य, पण तेवढ्यावर निकाल लावू नका. दक्षिण कॅमेरूनमध्ये आजच्या वर्षावनाच्या पट्ट्यातल्या खड्ड्यांतून बाजरीचे जळके दाणे मिळाले आहेत, काळ इ.स.पू. ४०० ते २०० च्या आसपास. बाजरीला कणीस भरताना आणि वाळताना कोरडी हवा लागते. सतत पाऊस लागला की फुलोऱ्यातले परागकण धुऊन जातात, कणसं काणी-बुरशीने खराब होतात, काढलेलं धान्य कोठारात टिकत नाही. तिथे बाजरी पिकली याचा अर्थ वर्षातला काही काळ कोरडा जात होता. सुमारे २५०० वर्षांपूर्वी वर्षावन ठिकठिकाणी फाटलं हे तळ्यांच्या गाळातल्या परागकणांतूनही दिसतं. त्याच फटींतून माणसं दक्षिणेला सरकली, आणि बाजरी त्यांच्यासोबत होती.

पुढे तर शंकाच नको. पूर्व आफ्रिकेतल्या महासरोवरांच्या (व्हिक्टोरिया वगैरे) भागात उरेवे मडकी (तिथल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांची नक्षीदार मडकी) आणि लोखंडाच्या भट्ट्या एकत्र मिळतात. तिथून दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्वाझुलू-नातालपर्यंत शेतकरी इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत पोचले. तो कोरडा टापू यॅमवर पार करता आला नसता. त्याला ज्वारी-बाजरीच हवी.

रानवाट:
हे दुसऱ्या टप्प्याचं झालं. माझा आक्षेप दोन्ही टप्पे एका गाठोड्यात बांधण्याला आहे. भाषा आधी हलली, धान्य वाटेत मिळालं.

कुरणवाला:
तिसरी बाजू सुटते आहे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत जनावरं पाळणं शेतीच्या आधी पोचलं. केपच्या (दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाच्या) किनारपट्टीवर मेंढ्या सुमारे २००० वर्षांपूर्वी होत्या आणि त्या पाळणारे बांटू भाषक नव्हते. उत्तर केनियात तुर्काना सरोवराजवळ गुराखी ५००० वर्षांपूर्वी आले, पण त्याच्या दक्षिणेला गुरं जम बसवायला हजार-दीड हजार वर्षं लागली. एक कारण रोगांचं दिसतं. विल्डबीस्ट (आफ्रिकी कुरणांतली मोठी हरणं) वितात तेव्हा त्यांची वासरं एक विषाणू मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतात. विल्डबीस्टना त्याचा त्रास होत नाही, पण त्याच कुरणात चरलेली गाय तापाने फणफणते, डोळ्या-नाकातून स्राव वाहतो आणि ती बहुतेक वेळा मरते. मासाई गुराखी आजही त्या आठवड्यांत गुरं तिकडे नेत नाहीत. झुडपांच्या पट्ट्यात गुरांना जीवघेणा रोग देणारी त्सेत्से माशी असते ती वेगळीच. ही माहिती अंगवळणी पडेपर्यंत कळपच्या कळप गेले असणार.

दगडमाती:
आणि इथे माणसं खरंच हलली की नुसत्या मेंढ्या हातोहात गेल्या? दक्षिणेकडच्या शिकाऱ्यांनीच थोड्या मेंढ्या पाळायला घेतल्या असं मानायला जागा आहे.

कुरणवाला:
दोन्ही घडलं. पश्चिम केपमधल्या सुमारे १२०० वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्याच्या डीएनएत पूर्व आफ्रिकी पशुपालकांचा मोठा वाटा आहे आणि उरलेला स्थानिक सान लोकांशी (तिथले मूळचे शिकारी-संकलक) जुळतो. प्रौढपणी दूध पचवणारा पूर्व आफ्रिकेतला जनुकीय बदल आजच्या नामा लोकांतही (दक्षिण आफ्रिका-नामिबियातले पशुपालक) आढळतो. उलट कॅमेरूनच्या शुम लाकाच्या गुहेत पुरलेली सुमारे ८००० आणि ३००० वर्षांपूर्वीची मुलं आजच्या बांटू भाषकांची पूर्वज ठरली नाहीत, ती मध्य आफ्रिकेतल्या शिकारी-संकलकांना जास्त जवळची निघाली. तीही ऐन ग्रासफील्ड्समध्ये! मूळ प्रदेशातच हे असेल तर जागा, भाषा आणि वंश एकच धरून चालत नाही.

रानवाट:
नेमकं हेच. आणि यॅमचा पुरावा कमी का, तेही लक्षात घ्या. कंद जळला तरी ओळखू येईल असा दाणा मागे राहत नाही, आणि वर्षावनाच्या आम्ल मातीत शेळीची हाडंही विरून जातात. तिथे ५ मि.मी.ची चाळणी लावली तर बाजरीसुद्धा खाली गळून जाते. माती पाण्यात ढवळून तरंगलेला कोळसा अर्ध्या मि.मी.च्या जाळीवर धरायचा, दाण्याचाच कार्बन काल काढायचा (सोबतच्या लाकडाचा नको, झाड कित्येक दशकं जुनं असू शकतं), आणि मडक्याच्या आतल्या पापुद्र्यात कंदाचे पिष्टकण शोधायचे. हे जिथे झालेलं नाही तिथल्या उत्खननावरून 'यॅम नव्हता' असं म्हणता येणार नाही.

दगडमाती:
पद्धतीवर सहमत. पण मग तीच कसोटी 'धान्य नव्हतं' या तुमच्या वाक्यालाही लावा.