मदत हवी आहे: सेसना १७२ ने कोलकाता–आगरतळा, बांगलादेशवरून

रंकाळ्याचा वारा:
उजळाईवाडीला (कोल्हापूर विमानतळावर) उभी असलेली सेसना १७२एस, व्हीटी म्हणजे भारतीय नोंदणी, खासगी वापराची. एप्रिलमध्ये तीन माणसं घेऊन आगरतळ्याला न्यायची आहे. कोलकात्यापर्यंत प्रश्न नाही. तिथून बांगलादेशवरून सरळ गेलं तर साधारण ३२० किमी, बागडोगरा-गुवाहाटीचा वळसा घेतला तर हजारावर. उड्डाण देशांतर्गतच आहे, तरी ढाक्याची परवानगी लागते का? अर्जात कुठं अडकतं?

तांबडा पांढरा:
लागते की. दोन्ही टोकं भारतात असली तरी मधलं आकाश त्यांचंच. १९४४ च्या शिकागो कराराचं पहिलं कलमच ते. पाचव्या कलमात अनियमित, म्हणजे वेळापत्रकाबाहेरच्या उड्डाणांना मोकळीक दिसते, पण तिच्या भरवशावर निघू नका.

अर्ज बांगलादेशच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे करायचा. नियम त्यांच्या एआयपीच्या (देशाच्या अधिकृत हवाई माहितीपुस्तिकेच्या) जीईएन १.२ या भागात मिळतील. तिथं शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. आपण शुक्रवारी पाठवून सोमवारची वाट बघतो, तेव्हा अर्ज रविवारी उघडलेला असतो. जाणं आणि येणं दोन्ही एकाच अर्जात घाला.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा. एप्रिलमध्ये दुपारनंतर कालबैसाखीची वादळं उठतात, म्हणून पहाटे निघणार. पण भारतीय वेळेनं ५.१५ म्हणजे यूटीसीत (विमानवाहतुकीच्या जागतिक वेळेत) आदल्या दिवशीचे २३.४५! परवान्यावर आजची आणि फ्लाइट प्लॅनवर कालची तारीख पडली, की जुळणी फिसकटते. शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा बिंदूही दोन्हीकडे अक्षरशः तोच हवा. परवान्याचा क्रमांक फ्लाइट प्लॅनच्या आयटम १८ मध्ये आरएमके (शेरा) पुढं लिहा. तिथंच ईईटीमध्ये (निघाल्यापासूनचा अंदाजे वेळ) ढाका एफआयआर (ढाक्याच्या अखत्यारीतलं आकाश), म्हणजे व्हीजीएफआर, ११५ नॉट वेगाला साधारण २० मिनिटांनी येतो.

हे सगळं असलं तरी एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षण मंजुरीचा) क्रमांक मिळाल्याशिवाय कोलकात्यातून चाक हलणार नाही. परतीला आगरतळ्याहून दोन्ही नव्यानं घ्यायचे.

ढगात गाठ:
इंधनाचं आधी बघा. ॲव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) आगरतळ्याला मिळेलच असं धरू नका. वापरता येणारं २०० लिटर, तासाला साधारण ३५ लिटर. जाऊन-येऊन सव्वातीन तास म्हणजे ११५ लिटर, वर ४५ मिनिटांची राखीव. टाकी फुल भरली की भागतं. पण ते १४४ किलो झालं. कमाल वजन ११५७, रिकामं विमान ७७० च्या आसपास, म्हणजे माणसं-सामान मिळून २४० किलो. तिघं धडधाकट असाल तर बॅगा कोल्हापुरातच ठेवा. आकडे मात्र तुमच्याच विमानाच्या वजनपत्रकावरून काढा.

रंकाळ्याचा वारा:
आभार. एकच इंजिन आहे, पद्मा-मेघनेवरून जाताना काय धरायचं? उंची ७५०० फूट ठरवलीय.

ढगात गाठ:
व्हीएफआरला (बाहेर बघून उडताना) पूर्वेकडं ७५०० बरोबर आहे. इंजिन बंद पडलं तर सेसना १७२ दर हजार फुटांमागं साधारण दीड नॉटिकल मैल तरंगते, म्हणजे तिथून अकरा. पण सरळ रेघ ढाक्याच्या दक्षिणेला जवळून जाते. कंट्रोलरनं २००० वर आणलं तर तीनच मैल उरतात. लाइफ जॅकेट अंगात घाला, मागच्या सीटवर नको. वळवलं तर किती जादा इंधन लागेल तेही धरून ठेवा.

तांबडा पांढरा:
आणखी एक. तिघांचेही पासपोर्ट जवळ ठेवा, देशांतर्गत असलं तरी. इंजिननं दगा दिला किंवा वादळ आडवं आलं, तर ढाका किंवा चट्टग्रामला उतरावं लागेल. विम्याची भौगोलिक हद्द वाचा. 'फक्त भारत' असेल तर विमा कंपनीकडून लेखी वाढवून घ्या.