चिलटं कमी होत नाहीयेत, काय करू?

ए-३०२: नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, ओट्यावर चिलटं इतकी झालीत की चहाचा कप झाकल्याशिवाय ठेवता येत नाही. फळं सगळी फ्रीजमध्ये टाकली, तरी फरक नाही. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे फवारा मारायचा नाहीये. कोणाला खात्रीचा उपाय माहीत आहे का?

बी-१०४: वाटीत थोडं व्हिनेगर घे, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाक आणि रात्रभर ओट्यावर ठेव. सकाळी वाटीत पडलेली दिसतील.

ए-३०२: काकू, तेच करतेय. रोज वीस-पंचवीस पडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच हजर.

सी-२०१: आमच्याकडेही आहेत. कमिटीने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं, सगळ्यांचंच काम होईल.

ए-६०१: व्हिनेगर सफरचंदाचं घे ताई. पांढऱ्यापेक्षा त्याला जास्त येतात, माझा अनुभव आहे. आणि वाटीवर कागदाचा नरसाळ्यासारखा कोन करून ठेव, आत गेलेली सहसा बाहेर येत नाहीत.

बी-५०३: जरा सविस्तर लिहितो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना हीच माशी मी वर्षानुवर्षं बाटल्यांत वाढवली आहे. हिला फळमाशी म्हणतात, शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. वाटी चांगलीच आहे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, म्हणून माशी वर तरंगत न राहता बुडते. पण वाटीत पडते ती फक्त उडणारी माशी. अंडी आणि अळ्या दुसरीकडेच असतात. २५ अंश तापमानाला अंडं साधारण एका दिवसात फुटतं, चार-पाच दिवस अळी खात राहते, पुढचे चार-पाच दिवस कोष. म्हणजे दहा दिवसांत नवी पिढी उडायला तयार, आणि एक मादी आयुष्यात काही शे अंडी घालते. याच वेगामुळे थॉमस हंट मॉर्गन यांनी आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी ही माशी निवडली. १९१० मध्ये त्यांना पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली आणि पुढे १९३३ मध्ये नोबेल मिळालं.
तेव्हा रोज तितकीच पडतायत याचा अर्थ घरातच कुठेतरी पैदास चालू आहे. आधी ती जागा शोध.

ए-३०२: पण सर, फळं तर बाहेर एकही नाही.

बी-५०३: फळच लागतं असं नाही. आंबायला लागलेलं, ओलसर असं काहीही चालतं. डस्टबिनच्या पिशवीखाली साचलेलं पाणी, न धुता ठेवलेली सरबताची बाटली, ओलं राहिलेलं फरशी पुसायचं फडकं, सिंकच्या जाळीत अडकलेलं खरकटं, कांद्याबटाट्याच्या तळाशी सडलेला एखादा नग. आणखी एक खूण सांगतो. कोष करायची वेळ झाली की अळी ओल्यातून निघून कोरड्या जागी चढते. आमच्या बाटल्यांत सगळे कोष काचेवर असायचे. म्हणून डस्टबिनच्या झाकणाची आतली कड बघ. तपकिरी, तांदळाच्या कणीएवढे दाणे चिकटलेले असतील आणि टोकाला दोन बारीक शिंगं दिसली, तर ते कोष आहेत.
शोधायचं ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. त्या वेळी या माश्या जास्त फिरतात. ओट्यावरच्या माश्यांमागे लागू नकोस, खाली कोणत्या कोपऱ्यात घिरट्या घालतायत ते बघ.

सी-२०१: सर, मग पेस्ट कंट्रोलचा उपयोग नाही का?

बी-५०३: फवाऱ्याने उडणाऱ्या मरतात. सडक्या वस्तूच्या आतल्या अळ्या राहतात आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. शिवाय स्वयंपाकघरात, बाळ असताना तर मुळीच नको. तुमच्याकडच्या कशा दिसतात आणि कुठे बसतात?

सी-२०१: बाथरूमच्या टाइल्सवर. काळपट, पंख केसाळ, छोट्या पतंगासारख्या. फारशा उडत नाहीत.

बी-५०३: मग त्या फळमाश्या नाहीत. मोरीतल्या माश्या आहेत, त्यांना व्हिनेगरच्या वाटीने काही होणार नाही. पाइपच्या आत जो बुळबुळीत थर धरतो त्यात त्या वाढतात. आज रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली. तोंड पूर्ण बंद करू नका, थोडी जागा सोडा. सकाळी पट्टीला माश्या दिसल्या तर जागा नक्की झाली.

ए-६०१: मोरीत ब्लीच ओतलं तर?

बी-५०३: ब्लीच त्या थरावरून नुसतं वाहून जातं. ब्रशने थर खरवडून काढणं हाच उपाय. आणि हे सगळ्यांनी कृपया लक्षात ठेवा: ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड, कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

ए-६०१: बरं झालं सांगितलंत सर. मी दोन्ही एकापाठोपाठ ओतणार होते. माझ्या कुंड्यांजवळ बारीक काळी, लांब पायांची उडतात, ती?

बी-५०३: ती मातीतली. पाणी कमी घाला, वरची माती नीट सुकली की मगच पुढचं पाणी.

(दुसऱ्या दिवशी)

ए-३०२: सापडलं! डस्टबिन, सिंक, फडकी सगळं बघून झालं, काही नव्हतं. मग सकाळी सहाला लाइट लावून नुसती उभी राहिले. दोन-तीन चिलटं सारखी खालच्या ट्रॉलीच्या फटीतून येत होती. ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली, तर मागे भिंतीला लागून एक बटाटा पडलेला. जाळीवरून कधी घरंगळला कळलंच नाही. पाणी सुटून खालचा कागद फरशीला चिकटला होता आणि वास असा की बाळाला बाहेर पाठवावं लागलं. कागद उचलला तर खाली पांढऱ्या अळ्या. आणि सर, ट्रॉलीच्या पट्टीवर ओळीने तपकिरी दाणे. मोबाइलने झूम करून बघितलं, दोन शिंगं अगदी स्पष्ट दिसली.

बी-१०४: अगं बाई! हाताने नाही ना उचललंस?

ए-३०२: नाही काकू, पिशवी हातात घालून उचलला, गाठ मारली आणि लगेच खाली मोठ्या डब्यात टाकून आले. मग गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन पट्ट्या, चाकं, भिंत सगळं घासलं.

बी-५०३: शाब्बास. आता दहा-बारा दिवस वाटी चालू ठेव, व्हिनेगर दोन दिवसांनी बदल. आधीच उडालेल्या आणि एखाददुसऱ्या राहिलेल्या कोषातून निघणाऱ्या तीत येतील. रोज किती पडतात ते मोज. आकडा उतरत गेला तर दुसरी जागा नाही. एका आकड्यावर अडला तर पुन्हा शोधायचं. आणि नवीन फळं आणलीस की धुऊन, पुसून ठेव. देठाजवळ किंवा चिरलेल्या सालीवर अंडी असू शकतात, आपल्याला दिसत नाहीत.

ए-३०२: आजचा आकडा १९.

(चार दिवसांनी)

ए-३०२: ११, ६, ६, आज २. मध्ये अडला तेव्हा धस्स झालं होतं. पण डस्टबिनची पिशवी काढली तर खाली चमचाभर पाणी साचलेलं. धुऊन उन्हात ठेवला.

सी-२०१: आमच्या चिकटपट्टीला सहा माश्या मिळाल्या सर, मोरीच निघाली. रविवारी जाळी काढून घासणार आहे. कोणाकडे लांब दांड्याचा ब्रश आहे का?

बी-१०४: माझ्याकडे आहे. दाराबाहेर ठेवते, घेऊन जा.